गोळीबरोबर द्यायचे एक वाक्य

रक्तदाब आणि हृदयविकारासाठी दिल्या जाणाऱ्या औषधांत एसीई इनहिबिटर नावाचा एक मोठा गट आहे. एनालाप्रिल, लिसिनोप्रिल, रामिप्रिल, पेरिंडोप्रिल ही त्यातली नेहमीची नावे. ही औषधे घेणाऱ्या दर हजार माणसांपैकी साधारण एक ते सात जणांना कधीतरी ओठ, जीभ, चेहरा किंवा घशाला अचानक सूज येते. अंगावर पित्त उठत नाही, खाज सुटत नाही. बहुतेकांची सूज दोन-तीन दिवसांत आपोआप उतरते. थोड्यांची जीभ तोंडात मावेनाशी होते किंवा सूज स्वरयंत्रापर्यंत जाते, आणि मग श्वासनलिकेत नळी घालण्यावाचून गत्यंतर राहत नाही. वैद्यकशास्त्र या सुजेला अँजिओएडेमा म्हणते. ती पाठ्यपुस्तकांत आहे, औषधाच्या माहितीपत्रकातही आहे. ज्याच्या घशाशी ती येणार, त्या माणसाला मात्र तिच्याविषयी सहसा कोणी काही सांगितलेले नसते.

का सांगितले नाही, याचे उत्तर ठरलेले असते: फार दुर्मीळ गोष्ट आहे, उगाच घाबरवायचे कशाला? मला हे उत्तर उलटे वाटते. नेहमीचे दुष्परिणाम न सांगताही उघडकीला येतात. याच गोळ्यांनी अनेकांना कोरडा खोकला लागतो. रुग्ण तक्रार करतो, डॉक्टरांनी असे खोकले शेकड्याने पाहिलेले असतात, गोळी बदलली जाते. दुर्मीळ दुष्परिणामाला असा ओळखीचा डोळा मिळत नाही. एखाद्या डॉक्टरच्या उभ्या कारकिर्दीत तो मोजक्या वेळा समोर येणार, तोही रात्री-अपरात्री आणि बहुधा भलत्याच डॉक्टरसमोर. म्हणून जे दुर्मीळ आणि जीवघेणे आहे, ते रुग्णाला स्वतःला माहीत असायलाच हवे. दुर्मीळपणा हे न सांगण्याचे कारण नाही, सांगण्याचे आहे.

हा दुष्परिणाम अवचित उपटलेलाही नाही. या औषधांच्या जन्मकथेतच तो आहे. ब्राझीलमध्ये जराराका नावाचा विषारी साप आढळतो. १९४९ मध्ये मॉरिसिओ रोशा ए सिल्वा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की या सापाचे विष रक्तद्रवात मिसळले की त्यातून एक पदार्थ सुटतो आणि तो रक्तवाहिन्या सैल करून रक्तदाब उतरवतो. त्याचे नाव ब्रॅडिकायनिन. पुढे १९६५ मध्ये सर्जिओ फेरेरा यांना त्याच विषात असा घटक सापडला, की जो शरीरात ब्रॅडिकायनिनचे विघटन होऊ देत नाही. फेरेरा तो घटक घेऊन लंडनला जॉन व्हेन यांच्या प्रयोगशाळेत गेले. तिथे वाय. एस. बखले यांनी १९६८ मध्ये कुत्र्याच्या फुप्फुसाच्या अर्कावर प्रयोग करून दाखवले, की हाच घटक रक्तदाब वाढवणाऱ्या अँजिओटेन्सिनची निर्मितीही रोखतो. या धाग्यावरून अमेरिकेत स्क्विब कंपनीच्या डेव्हिड कुशमन आणि मिगेल ओंडेटी यांनी कॅप्टोप्रिल बनवले. १९८१ मध्ये तिथे त्याला परवानगी मिळाली, आणि बाकीची सगळी प्रिल त्यामागून आली.

म्हणजे हे औषध रक्तदाबावर चालेल हे कळण्याआधी ते शरीरात ब्रॅडिकायनिन टिकवून धरते हे कळलेले होते. एसीई हे एकच विकर दोन कामे करते: रक्तवाहिन्या आवळणारे अँजिओटेन्सिन तयार करते आणि ब्रॅडिकायनिन मोडून टाकते. गोळीने ते अडवले की रक्तदाब उतरतो आणि ब्रॅडिकायनिन साठते. ते मोडायला शरीराजवळ आणखीही विकरे असतात, त्यामुळे बहुतेकांना काही होत नाही. काहींमध्ये ही पर्यायी व्यवस्था कमजोर असते. त्यांच्या सूक्ष्म रक्तवाहिन्यांतून पाणी झिरपते आणि ओठ-जिभेसारखे सैल भाग सुजतात. कधी आतड्याला सूज येते. मग पोटात कळा येतात, उलट्या होतात आणि ओठांवर काहीच दिसत नसल्याने तपास भलतीकडे जातो.

यातली मोलाची गोष्ट ही, की या सगळ्यात हिस्टामिन कुठेच नाही. शेंगदाणा किंवा कोळंबी न सोसणाऱ्या माणसाला जी सूज येते ती हिस्टामिनमुळे, आणि तिच्यावर चालणारी औषधे हिस्टामिनच्या वाटेवरची. ब्रॅडिकायनिनच्या सुजेवर त्यांचा फारसा परिणाम होत नाही. दोन्ही सुजा दिसायला सारख्या, कारणाने पूर्ण वेगळ्या. इथेच घोटाळा सुरू होतो.

चित्र साधारण असे असते. रात्री अकराच्या सुमारास मुलगा आईला कॅज्युअल्टीत आणतो. वरचा ओठ एका बाजूने टमटमीत फुगलेला, बोलताना शब्द जड येताहेत. ड्यूटीवरचा तरुण डॉक्टर विचारतो, "मावशी, आज काही वेगळं खाल्लं होतं का?" "काही नाही हो डॉक्टर, दुपारी वांग्याचं भरीत होतं तेवढं." "काही गोळ्या चालू आहेत?" "बीपीची आहे, पण ती चार वर्षांपासून घेतेय." या 'चार वर्षांपासून'ने गोळी सुटते आणि वांगे सापडते. एव्हिल आणि डेक्साचे इंजेक्शन दिले जाते, रात्रभर लक्ष ठेवले जाते. सकाळपर्यंत ओठ बराच उतरलेला असतो. केसपेपरवर 'ॲलर्जिक रिॲक्शन' असे लिहिले जाते, घरी वांगे बंद होते, आणि नाश्त्यानंतर रोजची बीपीची गोळी पुन्हा पोटात जाते.

या प्रसंगात कोणी हलगर्जी केलेली नाही. डॉक्टरने विचारायचे ते विचारले, द्यायचे ते दिले. त्याच्यासमोर सुजलेला ओठ होता, आणि असे शंभर ओठ आले तर त्यातले पुष्कळसे खरोखरच ॲलर्जीचे असतात. त्या वेळी ॲलर्जी गृहीत धरून इलाज करणे योग्यच. पित्त उठले असेल, दम लागत असेल, रक्तदाब कोसळत असेल तर ॲड्रेनलिन ताबडतोब द्यायलाच हवे, आणि शंका असेल तेव्हाही ते देण्यात चूक नाही. चूक होते ती सकाळी. सूज आपल्या वेळेने उतरते आणि श्रेय इंजेक्शनला मिळते. इलाज लागू पडला, म्हणजे निदान बरोबर होते, असा निष्कर्ष सगळेच काढतात. रुग्ण बरा झाल्यानेच चूक पक्की होते. आजार बळावला असता तर कोणी तरी पुन्हा विचार केला असता; तो ओसरल्यामुळे विचार थांबतो.

मग दोन-चार महिन्यांनी पुन्हा ओठ सुजतो. वांग्यापाठोपाठ अंडे जाते, मासे जातात, केसांचा कलप जातो. गोळी राहते. १९९७ मध्ये अमेरिकेतील नॅन्सी ब्राउन आणि सहकाऱ्यांनी पाहिले होते, की पहिल्या सुजेनंतरही ज्यांचे एसीई इनहिबिटर चालू राहिले त्यांना पुन्हा सूज येण्याचे प्रमाण औषध बंद झालेल्यांपेक्षा कित्येक पटींनी जास्त होते. पुढची सूज ओठावरच थांबेल याची हमी कोणी देऊ शकत नाही.

या सुजेसाठी खात्रीचे औषधही अजून हाती नाही. ब्रॅडिकायनिनची वाट अडवणारे इकॅटिबंट हे इंजेक्शन २०१५ मध्ये जर्मनीतल्या एका छोट्या चाचणीत प्रभावी वाटले: २७ रुग्ण, आणि सूज पूर्ण उतरायला लागलेला वेळ २७ तासांवरून ८ तासांवर आला. दोन वर्षांनी १२१ रुग्णांच्या मोठ्या चाचणीत त्याचा काहीच फायदा दिसला नाही. काही ठिकाणी ताजा गोठवलेला प्लाझ्मा देतात, कारण त्यात ब्रॅडिकायनिन मोडणारे विकर असते. पण नि:संशय उपयोगी अशा गोष्टी दोनच: श्वासमार्ग सांभाळणे आणि गोळी बंद करणे. पहिली डॉक्टरच्या हातात आहे. दुसरीसाठी मुळात गोळीवर संशय यावा लागतो.

तो यावा कसा? या सुजेचा धोका पहिल्या महिन्यात सर्वाधिक असतो, पण तो संपत कधीच नाही. कित्येक वर्षे निमूट घेतलेली गोळीही एखाद्या दिवशी हे करू शकते. एवढ्या काळात माणसाचे डॉक्टर बदललेले असतात. गोळी सुरू करणारे हृदयरोगतज्ज्ञ एका शहरात, दर महिन्याला बीपी पाहणारे फॅमिली डॉक्टर दुसरीकडे, मधुमेहाचे डॉक्टर तिसरे. सुजलेला ओठ घेऊन माणूस दातांच्या नाहीतर त्वचेच्या डॉक्टरकडे जातो. पोटात कळा आल्या तर सर्जनकडे. आपल्याकडे या सगळ्यांना जोडणारी एकच फाइल नसते. असते ती प्लास्टिकच्या पिशवीतली चिठ्ठ्यांची चळत, आणि तीही घाईच्या वेळी घरीच राहते.

मेडिकलच्या काउंटरवर काय होते तेही पाहा. "दहाच द्या," असे गिऱ्हाईक म्हणते, कारण पैसे तेवढेच असतात. दुकानदार कात्रीने पट्टी कापून देतो. ज्या तुकड्यावर औषधाचे नाव आणि मुदत छापलेली आहे तो पुष्कळदा दुकानातच राहतो. माहितीपत्रक तर खोक्यातच पडून असते, आणि घरी आले तरी ते बारीक टायपातल्या इंग्रजीत. रुग्णाच्या हातात उरते ती 'बीपीची गुलाबी गोळी'. या घसरगुंडीत प्रत्येक दवाखान्यात, प्रत्येक दुकानात, सुजेच्या रात्री आणि गोळी सुरू झाली त्या दुपारी हजर असलेला माणूस एकच: रुग्ण. माहिती दुसऱ्या कुठेही ठेवली तरी ती वाटेत गळणार. ती त्याच्याजवळच ठेवायला हवी.

आता दुर्मीळ म्हणजे किती, आणि ते ठरवतो कोण, हे पाहू. २००८ च्या ऑनटार्गेट चाचणीत रामिप्रिल घेणाऱ्यांपैकी ०.३ टक्के आणि एसीई न अडवणारे टेल्मिसार्टन घेणाऱ्यांपैकी ०.१ टक्के लोकांना ही सूज आली. २००२ च्या ऑलहॅट चाचणीत लिसिनोप्रिलचा आकडा ०.४ टक्के होता. त्यातल्या कृष्णवर्णीय रुग्णांत तो ०.७ टक्के. याच सुमारास ओमापॅट्रिलॅट नावाचे नवे औषध तपासले जात होते. ते एसीईबरोबर ब्रॅडिकायनिन मोडणारे दुसरे विकरही अडवत असे. रक्तदाब ते अधिक चांगला उतरवी. पण सुमारे २५ हजार रुग्णांच्या ऑक्टेव्ह चाचणीत एनालाप्रिल घेणाऱ्या ०.६८ टक्के लोकांना सूज आली, तर ओमापॅट्रिलॅट घेणाऱ्या २.१७ टक्के लोकांना. ते औषध बाजारात आलेच नाही. पुढे हार्ट फेल्युअरसाठी तेच दुसरे विकर अडवणारे सॅक्युबिट्रिल आले तेव्हा हा धडा लक्षात ठेवून त्याची जोडी एसीई न अडवणाऱ्या व्हॅल्सार्टनशी लावली गेली, आणि एसीई इनहिबिटर बंद केल्यावर ३६ तास गेल्याखेरीज ते सुरू करायचे नाही असा नियम झाला.

यावरून दिसते, की दर हजारी वीस-बावीस सुजा जगाला मान्य नव्हत्या. दर हजारी तीन ते सात मान्य आहेत. ही रेघ निसर्गाने ओढलेली नाही, माणसांनी तोलूनमापून ओढली आहे. ती चुकीची आहे असे मी म्हणत नाही. १९८७ च्या कन्सेन्सस चाचणीत गंभीर हार्ट फेल्युअरच्या रुग्णांत सहा महिन्यांतले मृत्यू एनालाप्रिलमुळे ४४ टक्क्यांवरून २६ टक्क्यांवर आले. २००० च्या होप चाचणीत हार्ट अटॅक, पक्षाघात किंवा हृदयविकाराने मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण रामिप्रिलने १७.८ टक्क्यांवरून १४ टक्क्यांवर आणले. शंभरातल्या जवळजवळ चौघांचा फायदा एका बाजूला, हजारातल्या तिघांची सूज दुसऱ्या बाजूला. आणि त्या तिघांतले बहुतेक बरे होणारे. औषध ठेवण्याचा निर्णय योग्यच आहे. पण तो निर्णय सर्वांच्या वतीने घेतला गेला आहे, आणि त्याची किंमत कोण मोजणार हे आधी कोणालाच ठाऊक नसते.

यावरचे आक्षेप खरे आहेत. पहिला भीतीचा. आपल्याकडे रक्तदाबाचा त्रास जाणवत नाही म्हणून गोळी सोडणारे पुष्कळ. त्यात घसा सुजण्याची गोष्ट सांगितली तर आणखी चार जण सोडतील, आणि त्यांना होणारा पक्षाघात कोणत्याही सुजेपेक्षा भारी असेल. ही काळजी मी हलकी मानत नाही. पण भीती अर्धवट माहितीतून वाढते. शेजारणीचा ओठ सुजला, कोणी तरी 'बीपीच्या गोळीने झालं' असे सांगितले, की गल्लीतल्या सगळ्यांच्या सगळ्या गोळ्या संशयित ठरतात. नेमके काय झाले तर थांबायचे हे ज्याला माहीत असते, तो बाकीच्या वेळी निर्धास्त गोळी घेतो.

दुसरा आक्षेप वेळेचा. ओपीडीत रांग लागलेली असताना डॉक्टर प्रत्येक औषधाचे किती दुष्परिणाम सांगणार? सगळे सांगू नयेतच. लांबलचक यादी वाचून दाखवली की तिचा उपयोग रुग्णाला होत नाही, फार तर कायदेशीर बचावाला होतो. निवड करायला हवी, आणि निवडीच्या कसोट्या सोप्या आहेत. न ओळखल्यास जिवाला धोका आहे का? रुग्णाला स्वतःला, तपासणीशिवाय, ती गोष्ट ओळखता येते का? ओळखल्यावर त्याने करायची कृती साधी आणि निर्णायक आहे का? यकृतातला सूक्ष्म बदल दुसऱ्या कसोटीवर पडतो; तो रक्ततपासणीवर सोडावा. ओठ सुजणे तिन्ही कसोट्यांवर उतरते. आरशात दिसते, जीव घेऊ शकते, आणि गोळी थांबवून दवाखाना गाठणे एवढेच करायचे असते.

तिसरा आक्षेप असा, की आपल्याकडे आता रक्तदाबासाठी मुख्यतः टेल्मिसार्टन आणि ॲम्लोडिपिन देतात. हे खरे आहे. महाराष्ट्रासह पाच राज्यांत सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमातही तीच औषधे आहेत. पण हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, हृदय कमजोर झालेले, मधुमेहाने मूत्रपिंड बिघडू लागलेले असंख्य रुग्ण आजही रामिप्रिल किंवा एनालाप्रिल घेतात. मधुमेह असलेल्यांच्या चिठ्ठीत अनेकदा व्हिल्डाग्लिप्टिनही असते. त्या औषधाच्या चाचण्यांची आकडेवारी २००९ मध्ये तपासली गेली तेव्हा दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांत या सुजेचे प्रमाण वाढलेले दिसले होते. वापर कमी झाला की नव्या डॉक्टरांची या सुजेशी ओळखही कमी होते. मग रुग्णाने स्वतः सांगण्याची गरज वाढते.

म्हणून मागणी एवढीच आहे, की पहिली चिठ्ठी देताना डॉक्टरने आणि पहिली पट्टी देताना फार्मासिस्टने एक वाक्य सांगावे: "ओठ, जीभ, चेहरा किंवा घसा सुजला, तर ही गोळी सुरू होऊन कितीही वर्षं झालेली असोत, पुढची गोळी घेऊ नका, लगेच मोठ्या दवाखान्यात जा आणि ही गोळी चालू आहे हे तिथे सांगा." आवाज बदलला, थुंकी गिळता येईना, लाळ गळू लागली, तर एक मिनिटही थांबायचे नाही. पायांची सूज निराळी. ॲम्लोडिपिनने घोट्याशी सूज येते, ती त्रासदायक असते पण घसा आवळत नाही. तिच्यासाठी पुढच्या भेटीत डॉक्टरला विचारावे. आणि हा लेख वाचून कोणीही चालू गोळी आपल्या मनाने बंद करू नये. सूज नसेल तर गोळी आपले काम करत आहे.

बाकीच्यांचेही थोडे काम आहे. मेडिकलवाल्याने पट्टी कापावी, पण नाव असलेला तुकडा गिऱ्हाइकाला द्यावा किंवा पाकिटावर नाव लिहून द्यावे. कॅज्युअल्टीत सुजलेला ओठ दिसला की खाण्याआधी गोळ्यांची चौकशी व्हावी, आणि 'किती दिवसांपासून' या उत्तरावर गोळीला सोडून देऊ नये. निदान झाल्यावर डिस्चार्ज कार्डावर ठळक लिहावे, की या रुग्णाला 'प्रिल'ने संपणारे कोणतेही औषध यापुढे देऊ नये. कारण एका प्रिलने सूज आली की दुसऱ्यानेही येऊ शकते. गोळी बंद केल्यावरही काही आठवडे सूज परतू शकते, हेही रुग्णाला सांगावे; नाहीतर तो गोळीला निर्दोष ठरवून पुन्हा सुरू करील.

आणि घटना नोंदवावी. २०१० मध्ये सुरू झालेल्या भारतीय औषधदक्षता कार्यक्रमाचे केंद्र गाझियाबादला आहे, १८००-१८०-३०२४ हा त्याचा टोल-फ्री क्रमांक आहे, आणि तिथे डॉक्टरच नव्हे तर रुग्णही दुष्परिणाम कळवू शकतो. अमेरिकेतील कृष्णवर्णीयांमधले प्रमाण कळले ते मोजले गेले म्हणून. आपल्या लोकांचे प्रमाण आपण मोजल्यावाचून कळणार नाही, आणि जी सूज वांग्याच्या नावावर लिहिली जाते ती कोणत्याच हिशेबात येत नाही.

लाखो लोकांचे हृदय जपणारे औषध थोड्यांच्या घशाला धोका पत्करून बाजारात ठेवले आहे, आणि ते तसेच राहावे. पण हा सौदा त्या थोड्यांना न विचारता झाला आहे. त्यांना शोधून काढण्याची चाचणी आपल्याजवळ नाही, त्यांना सूज आल्यावर द्यायचे हुकमी औषध नाही. देता येईल असे एकच आहे, ते म्हणजे आधी दिलेली माहिती. ते कोण आहेत हे ठाऊक नसल्यामुळे ती सर्वांनाच द्यावी लागेल. ही रुग्णावर केलेली मेहेरबानी ठरणार नाही. ज्यांच्या जोखमीवर बाकीच्यांचे भले होते, त्यांचे ते देणे आहे, आणि ते फेडायला डॉक्टरचे अर्धे मिनिट पुरते.